मऊ केलेला प्रश्न

"तुझ्या मनात जीव द्यायचे विचार येतात का?" समुपदेशकबाईंनी विचारलं. विचारलं ते इथल्या भाषेत, आणि 'खिडकी उघडू का' म्हणावं तितक्या साध्या आवाजात. आता हेच मराठीत म्हणायची पाळी दुभाषीची होती.

ती आपल्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसली होती. कानाला हेडफोन, समोर पाण्याचा ग्लास. फोनच्या पलीकडे, विद्यापीठातल्या कुठल्याशा खोलीत, बाई आणि एक मुलगा समोरासमोर बसले होते आणि दोघांच्या मधे ठेवलेल्या स्पीकरमधून हिचा आवाज येत होता. मुलाला तिनं कधी पाहिलं नव्हतं. आवाजावरून विशी ओलांडलेला, घसा जरा बसलेला, वाक्याच्या शेवटाला विझत जाणारा. ही त्याची तिसरी भेट. शिकायला ह्या परक्या देशात आलेला होता, परीक्षा इथल्या भाषेत देत होता, निबंध लिहीत होता. पण बाईंसमोर बसला की त्या भाषेत त्याला एकच शब्द यायचा, 'ठीक'. झोप? ठीक. जेवण? ठीक. मग बाईंनीच त्याला विचारलं होतं, तुझ्या भाषेत बोलायचंय का? तो म्हणाला होता, चालेल.

दुभाषीनं ग्लासाकडे पाहिलं. तोंड उघडलं, आणि तोंडातून वेगळंच बाहेर आलं.

"तुझ्या मनात काही वाईटसाईट विचार येतात का रे?"

"नाही," मुलगा म्हणाला. "तसं काही नाही."

"नाही, तसं काही नाही," तिनं लगेच इथल्या भाषेत सांगितलं.

बाईंनी आणखी दोन-चार गोष्टी विचारल्या. जेवणाची चव लागत नाही, म्हणाला. घरी व्हिडिओवर बोलताना खिडकीकडे तोंड करून बसतो, म्हणजे उजेड पडतो आणि चेहरा बरा दिसतो, असंही म्हणाला. बाईंनी पुढच्या आठवड्याची वेळ दिली. खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"थँक्यू, काकू," मुलगा म्हणाला. "जातो मग मी."

तिनं निरोपाचा नेहमीचा शब्द इथल्या भाषेत सांगितला आणि फोन बंद झाला.

दुभाष्याच्या कामात दोन नियम पहिल्याच दिवशी शिकवतात. एक, जे बोललं जाईल ते सगळं सांगायचं, पदरचं घालायचं नाही आणि काही गाळायचं नाही. दुसरा, समोरचा 'मला ताप आहे' म्हणाला की आपणही 'मला ताप आहे' म्हणायचं. 'तो म्हणतोय' वगैरे नाही. त्यामुळे एका दिवसात तिला ताप यायचा, दाढ दुखायची, घरमालक त्रास द्यायचा आणि संध्याकाळपर्यंत एखादं मूलही व्हायचं. पूर्वी ती हे नवऱ्याला रंगवून सांगायची. तो म्हणायचा, "आज बाळंतीण आहेस ना, मग बस, चहा मी करतो."

नवरा मागच्या हिवाळ्यात गेला. हृदयाचं दुखणं जुनंच होतं, डॉक्टरांनी कल्पना दिली होती, त्यामुळे धक्का असा बसला नाही, असं ती सगळ्यांना सांगायची. आणि खरंच बसला नव्हता. सगळं आवरून झाल्यावर ती पुन्हा हेडफोन लावून बसली. रडू आलं नाही. भूकही लागायची नाही. घड्याळाकडे पाहून ती जेवायची. लोक म्हणाले, धीराची आहे. तिला धीर-बीर काही वाटत नव्हतं. हात दाबून झोपलं की सकाळी तो आपला नसल्यासारखा वाटतो, तसं काहीतरी सगळ्या अंगाचंच झालं होतं, आणि त्या हाताला मुंग्या येतात तशा अजून आल्या नव्हत्या.

पुढचा फोन दातांच्या दवाखान्यातून आला. खुर्चीत एक आजी होत्या. डॉक्टरनं विचारलं, दुखतंय कुठे? आजींनी सुरुवात सुनेपासून केली. सून चांगली आहे, पण फळं फ्रिजमधून काढून तशीच गार हातात देते. मुलाला सांगावं तर तो म्हणतो, आई, तू तिलाच सांग. दुभाषीनं सून, फ्रिज आणि मुलगा सगळं जसंच्या तसं डॉक्टरला सांगितलं. डॉक्टर म्हणाला, पण दात कुठला? आजी म्हणाल्या, "तेच सांगतेय ना. गार लागलं की डावीकडचा."

एरवी तिला हसू आलं असतं. तिनं डावीकडचा सांगितला. दात बघून झाला, औषध झालं, आणि आजी खुर्चीतून उठता उठता म्हणाल्या, "बरं, येते हं बाळा."

"निघते," असं काहीसं तिनं इथल्या भाषेत सांगितलं, आणि सांगता सांगताच तिला मघाचा मुलगा आठवला.

तो पोरगा 'येतो' म्हणाला नव्हता. 'जातो' म्हणाला होता.

फोन ठेवून ती बसून राहिली. मग स्वतःशीच वाद घालायला लागली. हल्लीची मुलं काहीही म्हणतात. आपली लेक तरी कुठे 'येते' म्हणते. दर वेळी दारातून 'चल, जाते' म्हणूनच निघते, तिच्या बापानं शंभरदा सांगूनही. एका शब्दावरून काही सिद्ध होत नाही. हे सगळं तिला पटलं. पटलं नाही ते दुसरंच. त्याला प्रश्न विचारला गेलाच नव्हता. बाईंनी विचारला होता, आणि तो वाटेतच तिच्या टेबलावर पडून राहिला होता. 'वाईटसाईट विचार' म्हणजे काय? परीक्षेत नापास होण्याचा विचारही वाईटच. त्यानं भलत्याच प्रश्नाला 'नाही' म्हटलं होतं, आणि बाई ते 'नाही' खरं मानून आपल्या कामाला लागल्या असतील.

असं का केलं? तिला नीट सांगता आलं नसतं. तो 'काकू' म्हणतो म्हणून. त्याच्या आईच्या वयाच्या बाईनं त्याला असलं विचारायचं म्हणून. आपल्या तोंडानं ते बोललं तर त्याच्या डोक्यात नव्यानं जाईल, ही एक भीती. आणि मरण हा शब्दच तिच्या घरात कुणी उच्चारला नव्हता. सगळे 'गेले' म्हणायचे, ती स्वतःही.

तिनं एजन्सीला फोन लावला. दुभाष्यांना कामं वाटून देणारा तिथला माणूस कॉलच्या मिनिटांच्या हिशेबाशिवाय बोलायचा नाही, म्हणून तिनं आणि नवऱ्यानं त्याचं नाव 'घड्याळ' पाडलं होतं.

"विद्यापीठाच्या कॉलबद्दल सांगायचंय," ती म्हणाली. "मी प्रश्न बदलला."

"चुकला का? होतं तसं. पुढच्या वेळी..."

"चुकला नाही. मला नीट समजला होता. मी तो मऊ करून विचारला. मुलाला मूळ प्रश्न कळलेलाच नाही. मला त्या बाईंशी आत्ता बोलायचंय."

घड्याळ म्हणालं, "हे मला वर कळवावं लागेल. तुम्हाला माहीत आहे."

"कळवा. पण आधी बाईंना जोडून द्या."

समुपदेशकबाईंनी मधे न बोलता सगळं ऐकून घेतलं. ती चाचरत होती. दुसऱ्यांचं बोलणं झरझर बोलणारी बाई, स्वतःचं सांगताना अडखळत होती.

"तुम्ही विचारलंत त्याचे शब्द कसे होते? जसेच्या तसे सांगा," बाई म्हणाल्या.

तिनं सांगितले.

"आणि त्यानं काय म्हटलं?"

तेही सांगितलं. मग 'जातो'बद्दल सांगितलं. "ह्याला काही अर्थ नसेलही," ती म्हणाली. "तरुण मुलं बोलतात असं. पण आमच्यात निघताना शक्यतो असं म्हणत नाहीत."

"बरं झालं सांगितलंत. मलाही आज तो जास्तच शांत वाटला होता, पण त्याच्या 'नाही'वर मी विसंबले." बाईंच्या आवाजात राग नव्हता. पायांचा आवाज येत होता, म्हणजे बोलता बोलता त्या चालायला लागल्या होत्या. "मी त्याच्या वसतिगृहावर जातेय. तुम्ही फोनजवळ थांबाल का? मला तुम्हीच हव्या आहात, त्याला तुमचा आवाज ओळखीचा आहे. आणि एक ऐका. विचारल्यामुळे कुणाच्या डोक्यात ते नव्यानं येत नाही. पुष्कळांना उलट हलकं वाटतं, कुणीतरी विचारलं म्हणून. त्यामुळे मी सरळ विचारणार आहे, मरावंसं वाटतं का आणि तसं ठरवलंय का; तुम्हीही तसंच विचारा."

"विचारते," ती म्हणाली.

मग थांबणं. तिनं ओटा पुसला. तो पुसलेलाच होता. मग ओट्याशी उभी राहून तिनं शब्द जुळवायला घेतले. आत्महत्या. हा वर्तमानपत्रातला शब्द. मुलगा तो ऐकून बातमीतल्या दुसऱ्या कुणाबद्दल विचारतायत असं समजेल. जीव द्यायचा. हा सिनेमात ऐकल्यासारखा. स्वतःचं काही बरंवाईट करून घेणं. हे पुन्हा तेच, वाईटसाईट. शेवटी तिनं भिंतीकडे तोंड करून मोठ्यानं म्हणून पाहिलं, "तुला मरून जावंसं वाटतं का? तू स्वतःचा जीव घ्यायचं ठरवलंयस का?" नवरा गेल्यापासून त्या स्वयंपाकघरात कुणी आपलं वाक्य एवढ्या मोठ्यानं बोललं नव्हतं. तिनं पुन्हा म्हटलं, जरा सावकाश. तिसऱ्यांदा म्हटलं तेव्हा आवाज थरथरला नाही.

फोन वाजला.

"मी त्याच्या खोलीत आहे," बाई म्हणाल्या. "त्यानं दार उघडलं. बाहेर वसतिगृहाचे व्यवस्थापक उभे आहेत, आत आम्ही दोघंच. मी स्पीकर चालू करतेय."

"काकू?" मुलाचा आवाज आला. "तुम्ही परत कशा काय?"

दुभाषीला स्वतःचं काही सांगायचं असेल तर आधी तसं जाहीर करावं लागतं, आणि तेही 'मी' न म्हणता. "दुभाषीला एक सांगायचंय," ती मराठीत म्हणाली, आणि तेच इथल्या भाषेत बाईंना सांगितलं. मग मात्र तिनं नियम सोडला. "बाईंनी मघाशी तुला एक प्रश्न विचारला होता. तो मी तुला नीट सांगितला नाही. माझी चूक झाली. आता त्या पुन्हा विचारतायत, ह्या वेळी त्यांचेच शब्द सांगते."

बाईंनी विचारलं. तिनं सांगितलं.

"तुला मरून जावंसं वाटतं का? तू स्वतःचा जीव घ्यायचं ठरवलंयस का?"

मग एका छोट्या फ्रिजची घरघर ऐकू यायला लागली. बाहेरून कुणीतरी हसत गेलं. बाईंनी प्रश्न पुन्हा विचारला नाही, घाई केली नाही.

"हो," मुलगा म्हणाला.

"हो," ती इथल्या भाषेत म्हणाली.

"किती दिवसांपासून वाटतंय?"

"माहीत नाही. आधी वाटायचं, नीट झोप झाली की जाईल. मग झोपच गेली." तो सपाट आवाजात सांगत होता, पत्ता सांगावा तसा. "दुःख बिःख काही होत नाही. काहीच होत नाही. वडील सगळ्यांना माझा फोटो दाखवतात, आई म्हणते तू वाळलास, आणि मी हसतो. हसतो ते मला दिसतं त्या फोनवर, छोट्या चौकोनात. वाटतं, हा कोण आहे? आज ठरवलं होतं. म्हणून मघाशी बाईंना भेटून घेतलं. त्या चांगल्या आहेत."

नियमाप्रमाणे तिनं सगळं 'मी' म्हणून सांगितलं. मला दुःख होत नाही. मला काहीच होत नाही. मी आज ठरवलं होतं. आपल्याच तोंडून ते इथल्या भाषेत बाहेर पडताना ऐकत ती बसली होती. एका हातानं तिनं टेबलाची कड धरून ठेवली होती, हे तिला नंतर कळलं.

"मला सांगितलंस, बरं केलंस," बाई म्हणाल्या. "आता आज तू एकटा राहणार नाहीस. आणि खोलीत असं काही असेल, ज्यानं तू स्वतःला इजा करून घेशील, तर ते माझ्याकडे दे."

ड्रॉवर उघडल्याचा आवाज आला, मग बंद झाल्याचा. त्यानं काय दिलं ते फोनवर दिसण्यासारखं नव्हतं, आणि कुणी त्याचं नाव घेतलं नाही. तिला ते जाणून घ्यायचंही नव्हतं.

मग डॉक्टरकडे जायचं ठरलं. निघताना मुलगा म्हणाला, "काकू, घरी सांगू नका हं. प्लीज."

"तुझ्या घरी तुला न विचारता मी फोन करणार नाही," बाईंनी सांगितलं. "पण तुझा जीव धोक्यात आहे असं वाटलं तर मात्र करावा लागेल, तेही तुला सांगूनच. घरातलं कुणीतरी एक माणूस आहे का, ज्याला हे कळलं तर चालेल? आईवडीलच असायला हवेत असं नाही."

त्यानं बराच विचार केला. "मामा," तो म्हणाला.

मामांना फोन दुसऱ्या दिवशी लागला. मुलगा रात्रभर दवाखान्यात होता, आता बाईंच्या खोलीत बसला होता. मामा शिलाई मशीन दुरुस्त करायचे. मागे कुठलंतरी मशीन खडखडत होतं, ते त्यांनी बंद केलं.

"बोल रे. काय झालं? ह्या वेळेला कसा फोन?"

"मामा, इथे माझ्याबरोबर विद्यापीठाच्या बाई आहेत. आणि एक काकू आहेत, त्या भाषांतर करतात."

"म्हणजे काय भानगड केलीस?"

"भानगड नाही. मला बरं नाहीये."

"पोट बिघडलं असेल. तिकडचं खाणं..."

"पोट नाही, मामा." तो थांबला. दुभाषीचं पुढचं वाक्य त्याच्यावर अवलंबून होतं, आणि ती वाट बघत होती. "मला जगावंसं वाटत नव्हतं. काल मी... काल ह्या बाई आल्या म्हणून."

तिनं ते बाईंना हळू आवाजात सांगितलं.

"जेवलास का?" मामांनी विचारलं.

"थोडं."

"थोडं तर थोडं." त्यांनी खाकरून घसा साफ केला. "तुझ्या आईचं माझ्यावर सोड. तिला काय सांगायचं, कधी सांगायचं, ते मी बघतो. तू त्यात पडू नको. आणि ताई, तुम्ही... भाषांतरवाल्या ताई, तुम्ही मराठीच ना? तुम्हीच सांगा मला. पोराला घरी घेऊन येऊ का?"

एवढं सरळ तिला गेल्या कित्येक महिन्यांत कुणी काही विचारलं नव्हतं. तिच्याकडे उत्तर होतं. दोन उत्तरं होती, एक 'घेऊन जा' म्हणणारं, एक 'राहू द्या' म्हणणारं. ती म्हणाली, "मामा, मला उत्तर देता येत नाही. तुमचा प्रश्न मी बाईंना सांगते." आणि सांगितला.

"त्यालाच विचारूया," बाई म्हणाल्या.

"मला आत्ता घरी नको," मुलगा म्हणाला. "तिथे सगळे बघायला येतील. नंतर. सुट्टीत."

"नको तर नको," मामा म्हणाले. "मग असं कर. फोन ठेवू नको. मला हे मशीन आज द्यायचंय. मी काम करतो, तू नुसता बस. बोलायलाच पाहिजे असं नाही."

तिनं बाईंना सांगितलं. बाई म्हणाल्या, "चालेल, बसूया."

मामांचं मशीन सुरू झालं. खडखड, मग थांबणं, मग कुठलासा स्क्रू काढल्याची किरकिर. मधेच मामा स्वतःशी पुटपुटले, "ही पट्टी मेली सैल पडलीय." हे सांगायचं की नाही, असा तिला प्रश्न पडला, मग नियम तो नियम म्हणून तिनं सांगितलं, पट्टी सैल आहे. बाई हसल्या. मुलाचा श्वास जवळून ऐकू येत होता, आणि थोड्या वेळानं तो बदलला, नाकानं ओढल्यासारखा झाला. तो रडत होता. त्याचं भाषांतर करावं लागत नाही.

सगळं संपून मुलगा गेल्यावर बाई फोनवर थांबल्या.

"आणि तुम्ही?" त्या म्हणाल्या. "हे सगळं तुमच्या तोंडून गेलंय. तुम्ही कशा आहात?"

"दुभाषी ठीक आहे," ती म्हणाली.

म्हटल्यावर तिच्या लक्षात आलं, कुणाचा शब्द आपण वापरला ते. बाईंनी पुढे काही विचारलं नाही. एवढंच म्हणाल्या, "बोलावंसं वाटलं, तर दुभाष्यांनाही आमच्याकडे वेळ मिळते."

एजन्सीकडून समज मिळाली. घड्याळानं ती वाचून दाखवली आणि शेवटी, स्वतःच्या पदरचं, म्हणालं, "बाईंनी मात्र पुढेही तुम्हीच हव्यात असं कळवलंय." तिनं बरं म्हटलं.

रविवारी लेकीचा फोन आला. ती दुसऱ्या शहरात राहायची, तिचं मराठी जुन्या रेडिओसारखं, मधेमधे लागणारं. "आई, कशी आहेस?" ह्या प्रश्नाला दर रविवारी एकच उत्तर होतं. ते तिच्या जिभेवर आलंही होतं.

"मला कशाची चव लागत नाही," ती म्हणाली.

"जेवणाची?"

"सगळ्याचीच."

लेक म्हणाली, "मला पण. मला वाटलं, तू ठीक आहेस, तर मी कसं सांगू." शनिवारी लेक गाडी घेऊन आली आणि दोन दिवस राहिली. दोघींनी मिळून नवऱ्याचं कपाट उघडलं आणि पुन्हा तसंच लावून ठेवलं.

मुलाच्या भेटी चालू राहिल्या. काही आठवड्यांत तो बरा झाला, असं काही घडलं नाही. कधी तो यायचा आणि सगळा वेळ दोन वाक्यांत काढायचा. एकदा आलाच नाही, तेव्हा बाईंनी त्याला शोधून काढलं; तो धुलाईच्या खोलीत मशीनसमोर बसून राहिला होता, कपडे कधीच धुऊन झाले होते. डॉक्टरनं गोळ्या बदलल्या. मामांनी आईला सांगितलं. आई काही विचारायची नाही, नुसती रोज ठरल्या वेळी फोन लावून आपलं स्वयंपाकाचं करत राहायची, ही मामांचीच युक्ती. त्याच्या वर्गातल्या एका दुसऱ्याच देशाच्या मुलीनंही असे दिवस काढले होते. तिच्याशी तो इथल्या भाषेत बोलायला लागला होता, असं त्यानं एकदा सांगितलं. चुका होतात, म्हणाला. तिच्याही होतात.

झाडांना पालवी फुटायला लागली, तेव्हाच्या एका भेटीत तो सुरुवातीलाच म्हणाला, "काकू, आज मी स्वतः बोलून बघतो. तुम्ही असा फक्त. अडलं तर विचारीन."

तिनं हे बाईंना सांगितलं. हेच तिचं त्या दिवसाचं पहिलं वाक्य.

मग तो बोलायला लागला. इथल्या भाषेत, सावकाश, क्रियापदं मागे-पुढे टाकत. गेल्या आठवड्यातल्या परीक्षेबद्दल बोलला, झोपेबद्दल बोलला. बाई मधेमधे विचारत होत्या. दुभाषी कानाला हेडफोन लावून बसली होती, पाठ ताठ, रोजच्यासारखी. सवयीनं प्रत्येक वाक्याचं मराठी तिच्या डोक्यात तयार होत होतं आणि तिथेच राहत होतं.

"तेव्हा मला मरायचं होतं," तो म्हणाला. शब्द साधा होता, शाळेतल्या पुस्तकातला. "आता तसं रोज नाही. कधीकधी. आता काय आहे म्हणजे..."

तो अडला. शब्द शोधत होता. तिला तो शब्द माहीत होता. ती पुढे झाली, तोंड उघडलं. पलीकडे बाईही थांबल्या होत्या. पण त्यानं तिला हाक मारली नाही. "म्हणजे," तो म्हणाला, "सकाळी उठल्यावर आधी चहा ठेवतो, मग बघतो, कसं वाटतंय ते." आणि पुढे बोलत राहिला.

ती पुन्हा मागे टेकली.

भेट संपली, खुर्च्या सरकल्या. बाई त्याच्याशी पुढच्या वेळेबद्दल बोलत दारापर्यंत गेल्या, तो काहीतरी म्हणाला, दोघं हसली, दार लागलं. ती अजून फोनवर आहे, हे कुणाच्या ध्यानात राहिलं नव्हतं. रिकाम्या खोलीचा आवाज थोडा वेळ तिच्या कानात येत राहिला. तिनं फोन बंद केला नाही. हात टेबलावर एकमेकांवर ठेवून, कुणी परत येऊन काही विचारलंच तर म्हणून, ती बसून राहिली.